जर्मन बिझनेसची भाषा बदलते कशी, आणि जुनं पुस्तक टाकून द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनची बी-टू पातळी झालीय, पुण्यात एका कंपनीच्या फायनान्स टीममध्ये जर्मन क्लायंटच्या मेल, इन्व्हॉइस आणि अधूनमधून जुने करार बघायचं काम लागलंय. घरी मावशीचं १९८०च्या दशकातलं जर्मन व्यापारी पत्रव्यवहाराचं पुस्तक आहे. त्यातले निम्मे शब्द क्लायंट वापरत नाही, आणि क्लायंट वापरतो ते पुस्तकात नाहीत. मग पुस्तक टाकून द्यायचं का, आणि मुळात हे शब्द बदलतात कसे?

पुस्तक टाकू नका, त्याची गरज पडणार आहे, कशी ते पुढे सांगते.

मी जर्मन करार, ताळेबंद, व्यापारी पत्रं यांचं भाषांतर बरीच वर्षं करतेय आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय. बिझनेस जर्मनमध्ये दोन थर आहेत आणि ते वेगवेगळ्या वेगाने बदलतात. एक थर बोलण्याचा, मीटिंगचा, जाहिरातीचा, व्हिजिटिंग कार्डाचा. हा फॅशनप्रमाणे बदलतो आणि नक्की कधी बदलला ते कोणालाच सांगता येत नाही. दुसरा थर सहीचा. ज्या शब्दाखाली कोणीतरी सही करतं, ज्याच्या जोरावर कोर्टात पैसे मागता येतात, तो शब्द लोकांना कितीही जुनाट वाटला तरी जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा कायदा बदलून एका ठरलेल्या तारखेला हलतो. शब्द कुठल्या थरातला आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं, आणि हे ओळखायला शिकवत मात्र कुठल्याच कोर्सात नाहीत.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण दिवाळखोरीचं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवते. तुमच्या पुस्तकात 'कॉन्कुर्स' हा शब्द असणार. १८७७ साली जर्मनीने कॉन्कुर्सऑर्डनुंग नावाचा कायदा केला, १८७९ पासून तो लागू झाला आणि तेव्हापासून कंपनी बुडाली की कॉन्कुर्स. १९३५ मध्ये त्याच्या जोडीला फेरग्लाइश्सऑर्डनुंग आली, म्हणजे कंपनी पूर्ण बुडवायच्या आधी कोर्टाच्या देखरेखीखाली घेणेकऱ्यांशी तडजोड करायची सोय. १ जानेवारी १९९९ ला हे दोन्ही कायदे गेले आणि त्यांच्या जागी एकच इन्सॉल्वेन्त्सऑर्डनुंग आली. त्या दिवसापासून जर्मनीत नवीन कॉन्कुर्स निघतच नाही, निघते ती इन्सॉल्वेन्त्स.

आता हे प्रत्यक्ष कामात कसं समोर येतं बघा. समजा १९८७ सालचा लायसन्स करार आहे, अजून चालू आहे, दर काही वर्षांनी वाढवलेला. त्यात कलम असतं की दुसऱ्या बाजूवर कॉन्कुर्स किंवा फेरग्लाइशची कार्यवाही सुरू झाली तर करार लगेच संपवता येईल. फेरग्लाइश या शब्दाचा रोजचा अर्थ 'तुलना', त्यामुळे मशीनमधून काढलेल्या भाषांतरात 'तुलना कार्यवाही' असलं काहीतरी येतं, कोणी विचारलं तर समोरचा म्हणतो असेल काहीतरी जर्मन पद्धत, आणि ते तसंच पुढे जातं. खरं तर तिथे १९३५ च्या त्या कायद्यातली तडजोड अभिप्रेत आहे, जी आज त्या नावाने अस्तित्वातच नाही. मग भाषांतरात काय लिहायचं? मी जुना शब्द जुन्याच अर्थाने ठेवते आणि खाली टीप देते की १९९९ पासून याची जागा अमुक कायद्याने घेतली. आपल्या मनाने इन्सॉल्वेन्त्स लिहून करार 'अपडेट' करत नाही, कारण ते काम वकिलाचं, भाषांतरकाराचं नाही.

आणि एवढ्यावर संपत नाही. तोच कॉन्कुर्स स्वित्झर्लंडमध्ये आजही ठणठणीत आहे, तिथला कायदा वेगळा. ऑस्ट्रियाने २०१० मध्ये कायद्याचं नाव बदलून इन्सॉल्वेन्त्सऑर्डनुंग केलं, पण त्या कायद्याच्या आत कॉन्कुर्सची कार्यवाही आणि कंपनी वाचवायची कार्यवाही असे दोन प्रकार ठेवले. म्हणजे आज मेलमध्ये कॉन्कुर्स दिसला तर लिहिणारा जुन्या वळणाचा आहे असं धरून चालू नका, आधी सहीखालचा पत्ता बघा, झुरिच असेल, व्हिएन्ना असेल. बोलण्यात मात्र सगळीकडे 'प्लायटे' म्हणतात, हा यिडिशमधून आलेला शब्द, कायदे आले नि गेले याला काही झालं नाही. आणि 'बांकरॉट' जपून वापरा, कारण जर्मन फौजदारी कायद्यात, कलम २८३ मध्ये, बांकरॉट हा गुन्हा आहे, म्हणजे बुडताना मालमत्ता लपवणं, हिशोबात गडबड करणं वगैरे. बुडालेल्या क्लायंटबद्दल रिपोर्टमध्ये सहज बांकरॉट लिहिलंत तर तुम्ही त्याच्यावर आरोप केल्यासारखं वाचलं जाऊ शकतं.

१ जानेवारी १९९९ ही तारीख लक्षातच ठेवा, कारण त्याच दिवशी युरो हिशोबाचं चलन झाला आणि जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे बुंडेसबँकेचा, 'डिस्कॉन्टझात्स' हा व्याजदर संपला. जुन्या करारांत उशिरा पैसे दिले तर व्याज 'बुंडेसबँकेच्या डिस्कॉन्टझात्सपेक्षा इतके टक्के जास्त' असं असायचं. त्याच्या जागी कायद्याने 'बाझिसत्सिन्सझात्स', म्हणजे पायाभूत व्याजदर, आणला आणि आज दोन कंपन्यांमधल्या व्यवहारात उशिराचं व्याज त्या दराच्या वर ९ टक्के पॉइंट आहे, जुलै २०१४ च्या आधी ८ होतं. तुम्ही फायनान्समध्ये आहात, थकबाकीची स्मरणपत्रं तुमच्याकडे येणारच, त्यामुळे हे सांगतेय.

आता उलटा प्रकार, म्हणजे जे शब्द पाचशे वर्षांत हललेच नाहीत. कॉन्टो (खातं), साल्डो (शिल्लक), जीरो (खात्यातून खात्यात पैसे वळते करणं), ब्रुट्टो (एकूण), नेट्टो (निव्वळ), स्कॉन्टो, श्टॉर्नो (नोंद रद्द करणं), इन्कासो (वसुली), प्रोकूरा (सहीचा अधिकार), बिलान्त्स (ताळेबंद), सगळं इटलीहून आलेलं. दक्षिण जर्मनीचे व्यापारी तेराव्या शतकापासून व्हेनिसला जाऊन राहायचे, रिआल्टो पुलाजवळ त्यांची स्वतःची वखार होती, फोन्दाको देई तेदेस्की, म्हणजे जर्मनांची वखारच. आउग्सबुर्गचा याकोब फुग्गर, जो पुढे राजांना कर्ज देणारा झाला, तोही तरुणपणी व्हेनिसलाच धंदा शिकला. दुहेरी नोंदीची पद्धत इटालियन, म्हणून तिचे शब्द इटालियन, पद्धत घेतली तेव्हा शब्दही सोबत आले. उत्तरेकडचा, समुद्रावरचा व्यापार वेगळा, तिथून डच आणि खालच्या जर्मनमधले शब्द आले: माकलर म्हणजे दलाल, फ्राख्ट म्हणजे मालवाहतूक, आक्त्सिए म्हणजे शेअर, ब्योर्झे म्हणजे शेअरबाजार. ज्याच्याशी धंदा केला त्याचे शब्द आले, इतकं हे सरळ आहे.

यातला स्कॉन्टो तुम्हाला रोज भेटेल. इन्व्हॉइसच्या तळाशी १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के स्कॉन्टो, नाहीतर ३० दिवस नेट्टो, अशी ओळ असते. आपल्याकडे टीममध्ये सगळ्यालाच डिस्काउंट म्हणून मोकळे होतात, पण राबाट म्हणजे मुळात किमतीतच दिलेली सूट आणि स्कॉन्टो म्हणजे लवकर पैसे दिल्याची सूट, त्यांची नोंद वेगळी, त्यांचा व्हॅटवरचा परिणाम वेगळ्या वेळी होतो. हा भेद जर्मन अकाउंटंट फार गंभीरपणे घेतो, तुम्हीही घ्या.

आणि पुण्यात असल्यामुळे एक गोष्ट तुमच्या हाताशीच आहे. सॅप. कंपन्यांचे हिशोब आणि कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी १९७२ साली जर्मनीत सुरू झाली आणि तिच्या आतल्या टेबलांची, फील्डची नावं अजून त्या काळच्या जर्मन हिशोबातली आहेत. आपली पोरं दिवसभर लिफनर, कुननर, बुकर्स, मॅटनर म्हणत असतात आणि बऱ्याच जणांना ते नुसते कोड वाटतात. लिफनर म्हणजे लीफेरांटेननुमर, पुरवठादाराचा नंबर. कुननर म्हणजे कुंडेननुमर, ग्राहकाचा. बुकर्स म्हणजे बूखुंग्सक्राइस, ज्याला आपण कंपनी कोड म्हणतो. आणि अकाउंटिंगच्या नोंदीच्या ओळीत एक छोटं फील्ड असतं, त्यात एकतर एस येतो नाहीतर एच. तो एस म्हणजे झोल आणि एच म्हणजे हाबेन, आपल्या मराठी खतावणीत सांगायचं तर नावे आणि जमा. जगभर कोट्यवधी नोंदींमध्ये आज या मिनिटालाही हे एस-एच पडतंय, अगदी ज्या देशात कोणाला जर्मनचा गंध नाही तिथेसुद्धा. आता तुलना करा: २०१५ मध्ये आलेल्या एस-फोर हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीमध्ये जे नवीन मोठं टेबल बनवलं त्याचं नाव अ‍ॅकडोका, म्हणजे अकाउंटिंग डॉक्युमेंट, सरळ इंग्रजीवरून. जुनी नावं तशीच राहिली कारण त्यांच्यावर हजारो प्रोग्राम उभे आहेत, नवी नावं इंग्रजीत आली कारण आता ती बनवणारी टीमच अनेक देशांत पसरलीय. एकाच सॉफ्टवेअरमध्ये १९७०च्या दशकाचं जर्मन आणि आजचं इंग्रजी शेजारी-शेजारी बसलंय, जर्मन बिझनेस भाषेचा इतिहास शिकायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही. तुमच्या टीममधल्या सॅपवाल्यांसोबत तासभर बसा आणि प्रत्येक फील्डचं मूळ जर्मन नाव शोधा, महिन्याभराची शब्दसंपत्ती एका बैठकीत होईल.

फ्रेंच शब्दांची गोष्ट वेगळी झाली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पोस्ट, रेल्वे, ऑफिस सगळीकडे फ्रेंच भरलेलं होतं. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन राइश, म्हणजे साम्राज्य, उभं राहिलं आणि मग सरकारी पातळीवरच भाषाशुद्धी सुरू झाली. पोस्टखात्याचा प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान याने १८७०च्या दशकात पोस्टातले शेकडो शब्द बदलले, रेकमांडे जाऊन आइनश्राइबेन म्हणजे रजिस्टर्ड पत्र, कुव्हेर जाऊन ब्रीफउमश्लाग म्हणजे पाकीट. रेल्वेत पेराँ जाऊन बानश्टाइग म्हणजे फलाट, बिलेट जाऊन फारकार्टे म्हणजे तिकीट, कुपे जाऊन आबटाइल म्हणजे डब्यातला कप्पा झालं. हे टिकलं याचं कारण फॉर्म, तिकिटं आणि पाट्या सगळं सरकारच्या हातात होतं, लोकांना दुसरा शब्द छापलेला दिसतच नव्हता. १८८५ मध्ये आल्गेमाइनर डॉइचर श्प्राखफेराइन ही संस्था निघाली, तिने व्यापाऱ्यांनाही उपदेश केला, पण व्यापाऱ्यांनी शेफ (साहेब), ब्यूरो (ऑफिस), ब्रांशे (धंद्याचं क्षेत्र) हे शब्द काही सोडले नाहीत, आजही ते आहेत.

स्वित्झर्लंड या राइशमध्ये नव्हतं, त्यामुळे तिथे ही सफाई पोचलीच नाही. स्विस माणूस आजही पेराँवर उभा राहतो, बिलेट काढतो, कुव्हेर वापरतो, कोटेशनला ऑफेर्टे म्हणतो जिथे जर्मन आनगेबोट म्हणेल, आणि मीटिंगच्या अजेंड्याला ट्राक्टांडेन म्हणतो. बासल किंवा झुरिचचा क्लायंट मिळाला तर या शब्दांची वेगळी यादी करा, ते जुनाट नाहीत, तिथले रोजचे आहेत.

१९०१ मध्ये बर्लिनच्या परिषदेत स्पेलिंग एकसारखं केलं तेव्हा असल्या बऱ्याच परक्या शब्दांतल्या 'सी'च्या जागी 'के' किंवा 'झेड' आला. पण कॉमेर्त्सबँक पहिल्या अक्षराला सी लिहिते, कारण ती १८७० ची, हॅम्बुर्गला निघालेली 'कॉमेर्त्स उंड डिस्कॉन्टो बँक'. कंपनीचं नाव रजिस्टर झालं की शुद्धलेखनाचे नियम त्याला लागत नाहीत. पुन्हा तेच, सहीचा थर.

आता पत्रं. तुमच्या पुस्तकाचा मोठा भाग यावरच असणार आणि सगळ्यात जास्त बदल इथेच झालाय. शंभर वर्षांपूर्वीचं जर्मन व्यापारी पत्र सुरू व्हायचं ते 'आपले ३ तारखेचे आदरणीय आमच्या हाती आले' अशा वळणाने, पत्र हा शब्दसुद्धा न लिहिता नुसतं 'इअर गेएर्टेस', म्हणजे आपलं ते आदरणीय. आपल्याकडे 'आपले कृपापत्र पावले' लिहायचे तसंच. शेवटी 'होखआख्टुंग्सफोल', म्हणजे अत्यंत आदरपूर्वक. मग पत्र हाताच्या ऐवजी टाइपरायटरवर आलं, टायपिस्टचा वेळ महाग झाला, दिवसाला शेकडो पत्रं जायला लागली आणि ही फुलं गळून पडली. 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन' हे आजचं नेहमीचं. होखआख्टुंग्सफोल अजून मेलेलं नाही, पण त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झालाय, आज ते वकिलाच्या नोटिशीखाली किंवा पैसे थकवणाऱ्याला पाठवलेल्या शेवटच्या पत्राखाली दिसतं आणि वाचणाऱ्याला कळतं की संबंध गार झालेत. पुस्तकात बघून क्लायंटला आदराने होखआख्टुंग्सफोल लिहाल तर तो दचकेल.

डिन ५००८ नावाचं प्रमाण आहे, ऑफिसातलं लिखाण कसं मांडायचं याचं, त्याची २०२० मध्ये नवी आवृत्ती आली. त्यानुसार पत्रात विषय लिहायचा पण आधी 'बेट्रेफ' म्हणजे 'विषय' हा शब्द लिहायचा नाही. पत्त्यात 'त्सू हेंडेन', म्हणजे अमुकच्या हाती, तेही गेलं. सहीच्या आधीची अक्षरं मात्र जशीच्या तशी आहेत आणि ती नीट वाचायला शिका: 'पी पी ए' असेल तर सही करणाऱ्याकडे प्रोकूरा आहे, म्हणजे हँडेल्सरेगिस्टर या कंपन्यांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदलेला मोठा अधिकार. 'आय व्ही' असेल तर मर्यादित प्रतिनिधित्व, 'आय ए' असेल तर कोणाच्या तरी सांगण्यावरून. मजकूर कितीही मैत्रीचा असू दे, ऑर्डर कोणाच्या सहीने पक्की होते हे या दोन-तीन अक्षरांत असतं.

लोकांना काय म्हणायचं हेही बदललं. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने 'फ्रॉइलाइन' हा कुमारिकांसाठीचा शब्द कामकाजातून काढला, ऑफिसांनी हळूहळू तेच केलं. १९६९ च्या व्यवसायशिक्षणाच्या कायद्याने 'लेअरलिंग'चा, म्हणजे शिकाऊ उमेदवाराचा, 'आउसत्सुबिल्डेंडर' झाला, इतका लांब शब्द कोण बोलणार, म्हणून सगळे आत्सुबी म्हणतात, पण हातकामाच्या कारागिरांच्या कायद्यात लेअरलिंग अजून आहे. मजुराचा 'लोन' आणि कारकुनाचा 'गेहाल्ट' हा पगारातला फरक धातू उद्योगात २००३ पासूनच्या नव्या करारांनी मिटवला, दोघांनाही 'एंटगेल्ट'. नोकरीच्या जाहिरातीत एम, डब्ल्यू, डी अशी तीन अक्षरं दिसतात, पुरुष, स्त्री आणि 'डिवेर्स'. तिसरं अक्षर आलं ते घटनात्मक न्यायालयाचा २०१७ चा निकाल आणि त्यानंतर २०१८ च्या शेवटी झालेली कायद्यातली दुरुस्ती यामुळे. कितीजणांना वाटतं ही नुसती फॅशन आहे, पण ते अक्षर वगळलं तर भेदभावाच्या २००६ च्या कायद्याखाली दावा लागू शकतो, म्हणून ते सगळीकडे आहे.

एक भाग असा आहे जो कोर्समध्ये कोणी शिकवत नाही आणि मला वाटतं शिकवायलाच हवा. २० जानेवारी १९३४ च्या कायद्याने नाझी सरकारने मालकाला 'बेट्रीब्सफ्यूरर', म्हणजे कारखान्याचा नेता, केलं आणि कामगारांना 'गेफोल्गशाफ्ट', म्हणजे अनुयायी. कामगारांनी निवडलेली बेट्रीब्सराट ही समिती १९२० च्या कायद्याने मिळाली होती, ती गेली. ज्यू व्यापाऱ्यांची दुकानं, कारखाने, बँका धाकदपटशाने कवडीमोलाने हडपल्या त्याला 'आरिझीरुंग', म्हणजे 'आर्यीकरण', असा कागदोपत्री स्वच्छ दिसणारा शब्द होता. जुन्या कंपन्यांच्या इतिहासाच्या पुस्तिका भाषांतराला येतात, त्यात १९३८ च्या आसपास 'अमुक फर्म ताब्यात घेतली' असं एक वाक्य असतं, तिथे थांबायचं आणि कोणाची फर्म होती ते शोधायचं. भाषांतर गुळगुळीत करून पुढे जायचं नाही. युद्धानंतर गेफोल्गशाफ्ट गेला, बेलेगशाफ्ट म्हणजे कर्मचारीवर्ग राहिला, १९५२ च्या कायद्याने बेट्रीब्सराट पश्चिम जर्मनीत पुन्हा पक्की झाली.

पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं दुसराच शब्दकोश चालला. फोल्कसआइगेनर बेट्रीब म्हणजे जनतेच्या मालकीचा कारखाना, कॉम्बिनाट म्हणजे कारखान्यांचा समूह, ब्रिगाडे म्हणजे कामगारांची तुकडी, आणि एचआर खात्याला कादर-आबटाइलुंग. १९९० मध्ये हे सगळं काही महिन्यांत पुसलं गेलं. सुमारे ८,५०० सरकारी कंपन्या ट्रॉइहांडआन्श्टाल्ट या संस्थेकडे आल्या, विकायला, सावरायला नाहीतर बंद करायला, आणि 'आबविकेल्न' हा साधा शब्द, ज्याचा अर्थ ऑर्डर नीट पार पाडणं असाही होता आणि अजून आहे, तो पूर्वेकडच्या लोकांसाठी कारखाना बंद होऊन नोकरी जाण्याचा शब्द झाला. लायप्त्सिश किंवा चेम्निट्सच्या वयस्कर माणसाशी फोनवर बोलताना मी हा शब्द ऑर्डरसाठी वापरत नाही, दुसरा वापरते. आणि कादर स्वित्झर्लंडमध्ये आजही व्यवस्थापनातल्या वरच्या जागांसाठी वापरतात, तिथे त्याला असला कुठलाच वास नाही.

इंग्रजीबद्दल सगळेच विचारतात म्हणून थोडक्यात. १९४५ नंतर मॅनेजर, मार्केटिंग आले आणि १९९०च्या दशकात शेअरहोल्डर व्हॅल्यूसोबत लोंढाच आला. पण उलटी हालचालही आहे: डग्लस या परफ्यूमच्या दुकानांनी २००४ मध्ये 'कम इन अँड फाइंड आउट' हे घोषवाक्य सोडून जर्मन घेतलं, डॉइचे बानने २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांना इंग्रजी शब्द टाळायला सुमारे २,२०० शब्दांची यादीच दिली. माझ्या मते तुमच्या कामाला महत्त्वाचं आहे ते वेगळंच. व्हिजिटिंग कार्डावर सीईओ असो, मॅनेजिंग डायरेक्टर असो, जर्मन कायद्याला हे दोन्ही शब्द माहीत नाहीत. गेएमबेहामध्ये (मर्यादित जबाबदारीची कंपनी) गेशेफ्ट्सफ्यूरर म्हणजे संचालक असतो, आगेमध्ये (शेअर काढणारी कंपनी) फोरश्टांड म्हणजे कार्यकारी मंडळ असतं, आणि त्यांची नावं पत्राच्या तळाशी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा मेलच्या वरच्या इंग्रजी पदव्या वाचू नका, तळाच्या बारीक अक्षरातली जर्मन ओळ वाचा. करार कोणाशी होतोय ते तिथे कळतं.

माणसं काढण्याच्या बाबतीतही तेच. कंपनी बाहेर ट्रान्सफॉर्मात्सिओन म्हणते, 'फ्रायझेत्सुंग' म्हणजे 'मोकळं करणं' म्हणते, नोकऱ्या जाण्याला दर दशकात नवा मऊ शब्द निघतो. जर्मनीत दरवर्षी भाषातज्ज्ञ 'उनवोर्ट', म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात आक्षेपार्ह शब्द, निवडतात, २००५ मध्ये त्यांनी 'एंटलासुंग्सप्रोडुक्टिविटेट' निवडला, म्हणजे माणसं काढून वाढवलेली उत्पादकता. पण प्रत्यक्ष माणसाच्या हातात पडतं ते क्युंडिगुंग, म्हणजे नोकरी संपवल्याची नोटीस, आणि ते कागदावर, शाईच्या सहीनेच लागतं, मेलवर पाठवलेलं ग्राह्य नाही. बातमीतला शब्द काहीही असू दे, तुम्ही तो कायद्यात शोधा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते ती 'ग्र्युंडर' शब्दाची वाटचाल. १८७० मध्ये शेअर काढणारी कंपनी सुरू करायला सरकारी परवानगी लागणं बंद झालं, त्यात १८७१ नंतर फ्रान्सकडून युद्धाची भरपाई म्हणून ५ अब्ज फ्रँक आले, शेकडो कंपन्या निघाल्या, आणि १८७३ मध्ये आधी व्हिएन्ना, मग बर्लिनचा बाजार कोसळला. त्यानंतर ग्र्युंडर म्हणजे संस्थापक हा शब्द वर्षानुवर्षं भामटा या अर्थाने वापरला गेला. आज त्याच शब्दाच्या नावाने सरकारी योजना आहेत, विद्यापीठांत केंद्रं आहेत, तरुण मुलं अभिमानाने स्वतःला ग्र्युंडर म्हणवतात. आणि 'नाखहाल्टिगकाइट', जो आता प्रत्येक वार्षिक अहवालात आहे, त्याचं मूळ १७१३ मध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोवित्सच्या लिखाणात आहे. तो सॅक्सनीच्या खाणखात्यातला अधिकारी, चांदीच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना म्हणून त्याने मांडलं की जंगल पुन्हा वाढेल तेवढंच तोडा. म्हणजे आज कंपन्या मिरवतात त्या शब्दाची सुरुवात एका अगदी व्यवहारी टंचाईतून झाली.

तुमच्यासाठी सध्याचे दोन बदल. १ जानेवारी २०२३ पासून पुरवठासाखळीचा कायदा लागू झाला, त्यामुळे 'झॉर्गफाल्ट्सफ्लिश्ट', म्हणजे काळजी घेण्याचं कर्तव्य, हा शब्द घेऊन लांबलचक प्रश्नावल्या चाकणच्या पुरवठादारांपर्यंत येऊन पोचल्यात. आणि १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीतल्या कंपन्यांमधल्या व्यवहारात 'ई-रेश्नुंग' (रेश्नुंग म्हणजे इन्व्हॉइस) म्हणजे फक्त ठरलेल्या रचनेतली, मशीनला वाचता येणारी फाइल. मेलला जोडलेली पीडीएफ कायद्याच्या भाषेत आता 'इतर रेश्नुंग' आहे. क्लायंट ई-रेश्नुंग मागत असेल आणि टीम पीडीएफ पाठवत असेल तर दोघंही आपापल्या मते बरोबरच वागतायत, आणि पैसे अडकलेत.

शब्द अडला की मी करते ते असं: कागदाची तारीख आणि देश आधी लिहून काढते. मग शब्द कायद्यात आहे का बघते, जर्मन कायदे सरकारच्या साइटवर फुकट आहेत. नसेल तर बर्लिनच्या अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा ऑनलाइन कोश उघडते, त्यात शब्द कुठल्या दशकात किती वापरला गेला याचा आलेख मिळतो, कॉन्कुर्स आणि इन्सॉल्वेन्त्स एकत्र टाकून बघा, १९९९ च्या आसपास दोन रेषा कशा वागतात ते दिसेल. आणि मावशीचं पुस्तक टेबलावरच ठेवा. त्यातली पत्रं लिहायला वापरू नका, पण २००० सालच्या आधीचा कुठलाही करार आला की पहिलं तेच उघडा, कारण त्यातले बरेचसे शब्द आज नेटवर शोधायला गेलात तर आधी दुसरेच अर्थ समोर येतात.